उरीयाला कुणी विचारलं?



हा लेख पुस्तक वाचून सुचलेला नाही. एका बैठकीत मी गप्प बसलो, त्याची भरपाई म्हणून लिहितोय.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून आपल्या एका पोराला मारलं. हात मोडला, डोक्याला टाके पडले. पोरानं भीत भीत का होईना फिर्याद दिली, अॅट्रॉसिटी लागली. आठवडा गेला नाही तोच गाव गोड बोलायला लागलं. चावडीत बैठक बसली. पोराच्या बाजूनं आम्ही तिघंचौघं कार्यकर्ते गेलो. मारणारे मागं भिंतीला टेकून उभे होते. त्यातला एकही जण पोराकडं बघून एक अक्षर बोलला नाही. बोलले ते गावचे जाणते. शेवटी एक रिटायर गुरुजी उठले. माणूस बरा, बोलतातही बरं. क्षमेवर त्यांनी अर्धा तास घेतला. आधी संतमंडळी झाली, मग बुद्ध झाला आणि शेवटी येशू. खिळे ठोकणाऱ्यांनासुद्धा त्यानं माफ केलं, तुझा तर नुसता हात मोडलाय, केस मागं घे, मनानं मोठा हो. त्यांच्या बोलण्याचं सार एवढंच.

पोरगा मान खाली घालून बसला. त्याच्या बापानं माझ्याकडं पाहिलं. मी शिकलेला, भाषणं ठोकणारा, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. बुद्ध मला थोडाफार ठाऊक होता, येशू ठाऊक नव्हता. ज्या पुस्तकाचा हवाला देऊन माझ्या माणसाला गप्प केलं जात होतं, ते पुस्तक मी कधी उघडूनही बघितलेलं नव्हतं. बाबासाहेब आधी ग्रंथ वाचत आणि मग वाद घालत. आपण वाद आधी घालतो, ग्रंथ राहूनच जातो.

माझी थोरली मावशी ख्रिस्ती आहे. नगर भागात, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथं, अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. महारामांगांची कितीतरी घरं त्यात गेली. आमच्या घरात १९५६ ला धम्म आला, मावशीच्या सासरी त्याच्या दोन पिढ्या आधी येशू येऊन बसला होता. त्यावरून घरात भांडण कधी झालं नाही. मी मावशीकडं गेलो. म्हटलं, मावशी, तुमच्यात क्षमेचं काय लिहिलंय ते दाखव. तिनं चष्मा लावला. मला वाटलं आता वधस्तंभाचं पान काढणार. तिनं दाविदाचं पान काढलं. म्हणाली, "आधी ह्ये वाच. येशूकडं मागनं ये."

म्हणून मीही त्या पानापासून सुरू करतो.

०

शमुवेलाचं दुसरं पुस्तक, अध्याय ११ आणि १२.

दावीद राजा. त्याची फौज राब्बा शहराला वेढा घालून बसलीय आणि राजा मात्र यरुशलेमात घरी. संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याला एक बाई आंघोळ करताना दिसते. चौकशी होते. ती बथशेबा, उरीया हित्तीची बायको. हित्ती म्हणजे मूळचा इस्राएलातला नव्हे, परक्या कुळातला. पण लढतो दाविदाच्याच फौजेत. राजा माणसं पाठवतो, बाईला आणवतो. तिला दिवस जातात. आता झाकपाक करायला हवी. राजा उरीयाला लढाईवरून बोलावून घेतो, घरी जाऊन आराम कर म्हणतो. उरीया जात नाही. सोबती उघड्या मैदानात पडलेत, मी घरी कसा झोपू, हा त्याचा सवाल. राजवाड्याच्या दाराशी नोकरांत झोपतो. मग राजा सेनापती यवाबाला चिठ्ठी लिहितो. याला ऐन लढाईत पुढं घाला, तुम्ही मागं सरा, म्हणजे हा मरेल. आणि ती चिठ्ठी राजा उरीयाच्याच हातात देतो.

दोस्तांनो, इथं मी पुस्तक मिटलं आणि जरा वेळ तसाच बसलो. आपलं मरण स्वतःच्या हातानं पोचवणारा हा माणूस मला ओळखीचा वाटला. गावाचा सांगावा घेऊन परगावी धावणारे आपले पूर्वज मला दिसले. कागदात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. उरीयाला वाचता येत होतं का, ते पुस्तक सांगत नाही. येत असेल तरी त्यानं ती उघडली नाही. इमानी होता.

आता या गोष्टीत वाईट कशाला म्हटलंय ते बघा. सैतान यात नाही. साप नाही, झाड नाही, फळ नाही. इथलं वाईट राजाच्या हुकमानं चालतं. राजा पाठवतो, आणवतो, बोलावतो, लिहितो. स्वतःच्या हातानं तो कुणाला बोटसुद्धा लावत नाही. खून शत्रूच्या बाणानं होतो आणि मोबदल्यात राजा सेनापतीला निरोप धाडतो की फार मनाला लावून घेऊ नको, लढाईत असं व्हायचंच. सत्तेचं वाईटपण इतकं नेमकं लिहिलेलं मी धर्मग्रंथात क्वचितच वाचलंय.

मग नाथान नावाचा संदेष्टा राजाकडं येतो आणि त्याला गोष्ट सांगतो. एका गावात दोन माणसं. एकाकडं मेंढरांचे कळप. दुसऱ्याकडं एकच कोकरू, पोरीसारखं वाढवलेलं. श्रीमंताकडं पाहुणा येतो. तो आपल्या कळपाला हात लावत नाही, गरिबाचं कोकरू कापतो. दावीद ऐकून खवळतो. असल्या माणसाला जगायचा हक्क नाही, त्यानं कोकराच्या चौपट भरून दिलं पाहिजे, म्हणतो. तेव्हा नाथान सांगतो की तो माणूस तूच आहेस.

हे चौपट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

इथपर्यंत वाचून मी या पुस्तकाला मनातून सलाम केला. स्वतःच्या सगळ्यात लाडक्या राजाचा गुन्हा यांनी स्वतःच्या धर्मग्रंथात लिहून ठेवला. आपल्याकडं उत्तरकांडात राम शंबूकाचं मुंडकं उडवतो तेव्हा वरून देव फुलं उधळतात. दरबारात जाऊन तो माणूस तूच, असं रामाला सांगणारा नाथान त्या ग्रंथात कुठं आहे?

पण मावशीनं मला हे पान कौतुकासाठी दिलं नव्हतं. ती म्हणाली, "फुडं वाच."

पुढं काय आहे? दावीद कबूल करतो की देवाच्या विरुद्ध माझ्याकडून पाप झालं. आणि नाथान लगेच सांगतो, देवानं तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. झालं. राजाची कबुली एक ओळ, देवाची माफी एक ओळ. शिक्षा होत नाही असं नाही. बथशेबेला झालेलं मूल सातव्या दिवशी मरतं, घरात पुढं तलवार शिरते. पण ती शिक्षासुद्धा बघा कुणावर पडते. मूल बथशेबेचंही होतं. आधी नवरा गेला, मग मूल गेलं. तिनं नवऱ्यासाठी शोक केला एवढं एक वाक्य पुस्तकात आहे. तिला कुणी काही विचारल्याचं वाक्य नाही.

आणि उरीया? माफीच्या या सगळ्या व्यवहारात उरीया कुठंच नाही. दावीद आणि देव यांच्यात हिशोब मिटला. ज्याची बायको गेली, ज्याचा जीव गेला, तो या हिशोबात पक्षकारच नाही.

एवढ्यानं भागत नाही. स्तोत्रसंहितेत एक्कावन्नावं स्तोत्र आहे. पश्चात्तापाचं स्तोत्र म्हणून जगभरच्या चर्चमध्ये ते म्हटलं जातं. नाथान येऊन गेल्यावर दाविदानं हे म्हटलं, असं टिपण त्याच्या माथ्यावर आहे. ते खरोखर दाविदाचं की पुढच्या कुणाचं, यावर अभ्यासकांचा वाद आहे, तो बाजूला ठेवू. भाषा अतिशय सुंदर, वाचताना गळा दाटतो. पण त्यात दावीद देवाला सांगतो की माझा अपराध झाला तो फक्त तुझ्याविरुद्ध. फक्त! मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग उरीयाचं काय? चावडीतल्या भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या मंडळींचं हेच तर म्हणणं होतं. त्यांनी देवळात जाऊन नारळ फोडला असेल, गुरुजींपुढं मान डोलावली असेल. पोराकडं मात्र बघायची त्यांना गरज वाटली नाही.

श्रद्धावान ख्रिस्ती माणूस याला उत्तर देईल. कुठलंही पाप अखेर देवाविरुद्धच असतं, कारण माणूस देवानं घडवलाय, असं तो म्हणेल. हे उत्तर पोकळ नाही. उलट त्यातून असंही निघतं की उरीयाला मारणं म्हणजे देवाला मारणं. पण व्यवहारात ते नेमकं उलटं वापरलं जातं. वरच्या कोर्टात निकाल लागला की खालच्या कोर्टात दावा दाखलच करून घ्यायचा नाही.

०

मी हे मावशीला म्हणालो तेव्हा ती चिडली नाही. म्हणाली, "म्हणूनच तर तुला पयलं ह्ये दावलं. बायबल म्हंजी एक पुस्तक न्हाई बाबा, लई पुस्तकं हायेत. एकमेकांशी भांडत्यात ती."

तिचं म्हणणं खरं निघालं. त्याच जुन्या करारात दुसरा आवाज आहे. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात आणि गणनेच्या पाचव्या अध्यायात कायदा सांगितलाय. कुणी दुसऱ्याचं लुबाडलं, ठेव बुडवली, खोटी शपथ घेतली, तर त्यानं काय करायचं? लुबाडलेलं पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा द्यायचा, आणि द्यायचा कुणाला, तर ज्याचं लुबाडलं त्याच्याच हातात. दोषार्पणाचा मेंढा देवापुढं न्यायचा तो याच्यासोबत. नुसता मेंढा चालत नाही.

आणि येशू हा या आवाजाचा माणूस आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाची तुझ्याविरुद्ध काही तक्रार आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. नीट वाचा. तुझी भावाविरुद्ध तक्रार असेल तर, असं तो म्हणत नाही. भावाची तुझ्याविरुद्ध असेल तर. म्हणजे उठून चालत जायचं ते अपराध्यानं. देव थांबेल, भाऊ थांबणार नाही. दाविदाच्या स्तोत्रात जो उंबरठा पुसला गेला होता, तो येशूनं परत घातला.

आता ते चौपट. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात यरीहो गावचा जक्कय येतो. जकातदारांचा मुख्य. रोमन सरकारसाठी वसुली करायची आणि मधल्यामधी स्वतःचं घर भरायचं, हा धंदा. गर्दीत येशू दिसेना म्हणून तो झाडावर चढतो. येशू त्याच्या घरी उतरतो, लोक कुरकुर करतात. आणि जक्कय उभा राहून जाहीर करतो की माझी निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. यावर येशू म्हणतो की आज या घराला तारण मिळालं. दाविदानं दुसऱ्याला सांगितलेली आणि स्वतः कधीच न दिलेली चौपट भरपाई एका बदनाम जकातदारानं कबूल केली. मजा अशी की या सबंध गोष्टीत क्षमा हा शब्दच नाही. तिथं पैशाचा आकडा आहे.

गुरुजींनी ही गोष्ट सांगितली नाही. त्यांना माहीत नसेल असं नाही.

येशू ज्या प्रार्थनेत क्षमा शिकवतो तिच्यातला शब्दही बघण्यासारखा आहे. मत्तयात तिथं कर्जाचा शब्द आहे, आणि मराठी बायबलानंही तो ऋण म्हणून ठेवलाय. येशू बोलायचा त्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालायचा. सावकाराच्या दारात उभं राहिलेल्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. पाप हे मनातलं धुकं नसून कुणाचं तरी देणं आहे. आणि देणं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, कुणाचं?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात याच देण्याचा दाखला आहे. एका चाकराचं राजाकडं दहा हजार तलांत कर्ज. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. हिशोब करा, सहा कोटी दिवसांची मजुरी. राजा ते सगळं सोडतो. हाच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी आपल्या जोडीदाराचा गळा धरतो, त्याला तुरुंगात टाकतो. राजाला कळतं तेव्हा तो त्या चाकराची सूट रद्द करतो.

ही गोष्ट नेहमी आपल्याला सुनवली जाते. देवानं तुला एवढं सोडलं, तूही सोड. पण गावात उभं राहून वाचली तर तिचा चेहरा बदलतो. आपल्या गावात सहा कोटी दिवसांची सूट कुणाला मिळालीय? महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या जी वेठ झाली, जे दिवस बिनमजुरीचे गेले, त्यांचा हिशोब कुणी मागितला? कुणी दिला? ते सगळं सुटलं. आणि ज्यांचं सुटलं तेच आज शंभर दीनारांसाठी, मिरवणुकीच्या एका रस्त्यासाठी, आपल्या पोराचा गळा धरतात. दाखल्यात दुष्ट म्हटलंय ते गळा धरणाऱ्याला. गळा धरला गेलेल्याला उपदेश केल्याचं त्यात कुठंही नाही.

०

आता गुरुजींचा हुकमाचा पत्ता, वधस्तंभ.

लूकच्या तेविसाव्या अध्यायात येशू मारेकऱ्यांसाठी बापाकडं क्षमा मागतो, कारण आपण काय करतोय हे त्यांना कळत नाही. काही फार जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य सापडत नाही, पण मला त्यावर वाद घालायचा नाही. वाक्य थोर आहे. मला एवढंच दिसतं की ते बोलणारा स्वतः खिळ्यांवर आहे. जखम त्याची आहे, म्हणून शब्दही त्याचा आहे. पिलातानं येशूपुढं उभं राहून क्षमेवर व्याख्यान दिलं असतं तर ते शुभवर्तमान झालं नसतं. चावडीत तेच झालं. आणि दुसरं, ज्यांना कळत नव्हतं त्यांच्यासाठी ती विनंती होती. आमच्या गावात काठ्या आधी जमवून ठेवल्या होत्या. त्यांना सगळं कळत होतं.

एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा, हेही आपल्याला ऐकवतात. पण योहानाच्या अठराव्या अध्यायात खुद्द येशूला महायाजकापुढं शिपाई थोबाडीत मारतो, तेव्हा येशू दुसरा गाल पुढं करत नाही. मी चुकीचं बोललो असेन तर काय चुकलं ते सांग, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असा जाब विचारतो. मी ते पान मावशीला दाखवलं. ती हसली. म्हणाली, "ह्ये आमच्या पाळकानं कधी सांगितलं न्हाई."

सगळं गोड आहे असंही मी म्हणणार नाही. नव्या करारात फिलेमोनाला लिहिलेलं पौलाचं छोटं पत्र आहे. अनेसिम नावाचा गुलाम मालकापासून दूर पौलाकडं आलाय. पौल त्याला परत पाठवतो आणि मालकाला लिहितो की याला आता भाऊ म्हणून घे, याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. पौलाचा जीव अनेसिमावर आहे यात शंका नाही. पण क्षमा कुणी कुणाला करायची, तर मालकानं गुलामाला! मालकाकडं अनेसिमाचं आयुष्यभराचं काय निघतं, तो आकडा पत्रात नाही. अमेरिकेत १८५० साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा झाला, तेव्हा गुलामगिरीच्या समर्थकांनी हेच पत्र पुढं केलं. हॉवर्ड थर्मन या काळ्या धर्मचिंतकानं १९४९ च्या आपल्या पुस्तकात आजीबद्दल लिहिलंय. ती गुलामीत जन्मली होती. मालकाचा पाळक गुलामांना पौल ऐकवायचा. म्हणून सुटका झाल्यावर तिनं नातवाकडून बायबल वाचून घेतलं, पण पौल जवळजवळ सगळा वगळला. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या म्हातारीला मी समीक्षक मानतो. कुठलं पान कुणाच्या कामाचं, ते तिनं ओळखलं.

बाबासाहेबांनीही हे ओळखलं होतं. १९३८ च्या १ जानेवारीला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं त्यांचं भाषण झालं. त्यात बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांची ओढ त्यांनी मोकळेपणानं सांगितली, आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये पाळली जाणारी जातही सांगितली. धर्मांतरित अस्पृश्यांवरच्या त्यांच्या लेखनात, जे त्यांच्या मागं प्रसिद्ध झालं, मुद्दा आणखी खोल जातो. तुझी अधोगती चुकीच्या समाजरचनेमुळं झाली, असं त्या माणसाला सांगायला हवं होतं. त्याला सांगितलं गेलं की ती तुझ्या पापामुळं झाली. मग तो समाज बदलायला कशाला उठेल? तो स्वतःसाठीच क्षमा मागत बसेल. मारणारा देवाकडून माफ, आणि मार खाणारा गुडघ्यावर! मावशीच्या चर्चमधल्या लोकांनी हा मुद्दा शत्रूचा म्हणून टाळू नये. २०१६ च्या डिसेंबरात भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंच आपल्या धोरणपत्रात चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचं कबूल केलंय. नाथान उशिरा आला, पण आला. कबुली झाली. आता चौपटीचं बघायचं.

०

क्षमा देशाच्या कारभारात आणली तर काय होतं, ते दक्षिण आफ्रिकेत दिसलं. १९९५ च्या कायद्यानं तिथं सत्य आणि समेट आयोग नेमला गेला. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष. १९९६ पासून सुनावण्या झाल्या. आया उभ्या राहून रडल्या, जगानं ऐकलं. हे काम लहान नव्हतं. वर्णद्वेषी राजवटीनं पुरलेलं खूप काही त्यामुळं वर आलं. पण माफीची अट काय होती? गुन्हा राजकीय हेतूनं केला हे दाखवा आणि सगळं खरं सांगा. पश्चात्ताप दाखवायची अट नव्हती. स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मेला. आमच्या वतीनं माफी देणारे तुम्ही कोण, म्हणून त्याच्या घरचे १९९६ ला घटना न्यायालयात गेले आणि हरले. पुढं १९९९ मध्ये त्या पोलिसांचे माफीचे अर्ज आयोगाच्या समितीनं फेटाळले, ती गोष्ट वेगळी. ज्यांना माफी मिळाली त्यांना ती लगेच लागू झाली. पीडितांना सहा वर्षं दरसाल मदत द्या, अशी आयोगाची शिफारस होती. सरकारनं २००३ मध्ये एकदाच तीस हजार रँड द्यायचं ठरवलं. दाविदाची माफी तातडीनं पोचली आणि कोकरू अजून वाटेत आहे.

कुणी विचारेल, मग आपल्या धम्मात काय आहे? मज्झिम निकायातलं अंगुलिमाल सुत्त वाचा. एवढे खून पाडलेला दरोडेखोर भिक्खू होतो. राजा पसेनदी त्याला हात लावत नाही. पण अंगुलिमाल भिक्षेला गावात जातो तेव्हा लोक दगड मारतात, काठ्या मारतात. डोकं फुटलेलं, पात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत येतो. बुद्ध त्याला काय सांगतो? सोस, हे तुझ्या कर्माचं फळ आहे. मला यातलं सगळ्यात मोठं काय वाटलं सांगू? बुद्ध दगड मारणाऱ्या गावाकडं जात नाही. ज्यांची माणसं मेली त्यांना तो क्षमेचा उपदेश करत नाही. उपदेश करतो तो अंगुलिमालाला. धम्मपदातली वैरावरची गाथा आपल्यावर फेकणाऱ्यांनी हे सुत्तही वाचावं.

म्हणजे दोन्ही घरांत, मावशीच्या आणि माझ्या, चांगली पानं एकाच जागी येऊन थांबतात. अपराध्यानं चालत यावं. देणं द्यावं. सोसायचं असेल ते त्यानं सोसावं. त्यानंतर ज्याचा हात मोडला तो माफ करेल, किंवा करणार नाही. ते त्याचं धन आहे. त्यानं ते फुकट उधळलं तरी मी त्याला अडवणार नाही, कारण सूडानं माणूस आतून कुजतो हेही मी बघितलंय. पण त्याच्या खिशातून ते काढून घेण्याचा अधिकार चावडीला नाही, गुरुजीला नाही, पुढाऱ्याला नाही, कार्यकर्ता म्हणून मलाही नाही.

आणि जे मेले त्यांचं? २००६ च्या २९ सप्टेंबरला खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली. त्यांच्या वतीनं माफ कोण करणार? कुणीच करू शकत नाही. उरीयाची माफी दाविदाला कधीच मिळणार नव्हती. काही देणी फिटत नाहीत, ती वहीत राहतात. तिथं आपलं काम एवढंच की वही जाळू द्यायची नाही.

तुमच्या गावात पुढच्या बैठकीत कुणी क्षमेवर बोलायला उठलं, तर भांडू नका. बायबल काढलं तर बायबलच काढा. विचारा, जक्कय कोण आहे तुमच्यात? उभा राहू द्या, आकडा बोलू द्या. मग आमचं पोरगं काय म्हणतं ते ऐकू.

त्या पोरानं केस मागं घेतलेली नाही. तारखा चालू आहेत. मी आता दर तारखेला जातो.

शेवटी एक पान राहिलं, ते मावशीनंच मी निघताना दाखवलं. मत्तयाचं पहिलं पान, येशूची वंशावळ. बाप, मुलगा, बाप, मुलगा अशी नुसती नावं. मी तर वगळूनच पुढं गेलो होतो. त्यात दाविदापासून शलमोन झाला, तिथं आईचं नाव बथशेबा असं लिहिलेलं नाही. उरीयाच्या बायकोपासून, असं लिहिलंय. ती तोवर राजाची राणी झालेली, राजाची आई झालेली. तरी लिहिणाऱ्यानं उरीयाचं नाव काढलं नाही. बाईचं नाव मात्र इथंही गेलं, ते मला खटकतंच. पण देवानं ज्याचा हिशोब मिटवला म्हणतात, त्याच्या खात्यावर मत्तयानं देणेकऱ्याचं नाव हजार वर्षांनी परत मांडलं, आणि तेही थेट आपल्या तारणाऱ्याच्या कुळात.

मावशी त्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो बघ. इसरला न्हाई कुणी."

जयभीम.